आत्याच्या जाळ्याचं शिसं

कोचीची जाळी आत्याने कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिली. होडी नाही, खलाशी नाहीत. किनाऱ्यावरूनच जाळं पाण्यात उतरतं आणि वर येतं.

"खोटं हाय," ती म्हणाली. "दाखव मला नेऊन."

आत्या तारापूरच्या किनाऱ्यावर राहते, सुकी मासळी विकते. विमानात कधी बसलेली नव्हती. मी बोईसरला राहते. मी तिकिटं काढली.

बोईसरहून विमानतळाला निघणाऱ्यांनी चिल्हार फाट्यावरून हायवे धरावा, पण कारखान्यांची पाळी सुटायच्या आधी. नंतर कामगारांच्या बसगाड्या रस्ता सोडत नाहीत. रेल्वे स्वस्त पडते. आत्याजवळ बोंबलांची पिशवी होती, म्हणून तिच्या दारापासूनच गाडी ठरवली. सालवडच्या ड्रायव्हरने शेजारचं पाम गाव मागे पडायच्या आत काच खाली केली.

"अम्मा, इसमें क्या है?"

"तुला वास येतो," आत्या मला म्हणाली, "मला भूक लागते. सांग त्याला."

मासळी न्यायची तर प्लास्टिकचे तीन थर गुंडाळून मोठ्या सामानात द्यावी. आमची बिनतक्रार गेली.

विमानतळावर तपासणीला नवं यंत्र होतं. काचेच्या खोलीसारखं. आत जायचं, पावलांच्या खुणांवर उभं राहायचं, हात वर करायचे. मी गेले, बाहेर आले. माझ्यामागून आत्या गेली. लुगड्याचा पदर खोचून, हात वर करून उभी राहिली.

बाजूच्या पडद्यावर माणसाची आकृती उमटली. चेहरा नसलेली. डाव्या छातीवर पिवळा चौकोन.

"मॅडम, इनके सीने में कुछ है," यंत्राजवळच्या जवानाने पलीकडच्या वर्दीतल्या बाईला हाक मारून सांगितलं.

रांगेने पडद्याकडे पाहिलं. मग आत्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

मला हसू आलं. आमच्याकडच्या बायका पैशांचा बटवा चोळीत ठेवतात. "आत्या, बटवा काढ ना," मी म्हटलं.

"बटवा नाय तो."

तपासणीच्या कापडी पडद्यामागे आत्या, मी आणि ती वर्दीतली बाई. बाई तरुण होती, आवाज खाली ठेवून बोलत होती. आत्याने चोळीत हात घालून एक कापडी गादी काढली आणि माझ्या हातात दिली. जुन्या लुगड्याचं कापड, जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेलं. जड. बोटांना आत गोळ्या लागल्या. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या कडेला लावतात, ते शिसं.

आत्याची चोळी डावीकडे सपाट झाली होती.

मी तिच्या मांडीवर वाढले. मला माहीत नव्हतं. तिचं ऑपरेशन गर्भपिशवीचं झालं, असं आम्हा सगळ्यांना सांगितलेलं होतं.

"कापसाची हलकी व्हायची," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "खांदा वर जायचा, लोक बघायचे. मग तुज्या आतोबांनी आपल्या जाळ्याचं शिसं काढून दिलं."

आतोबा आता नाहीत. ठाऊक होतं ते त्यांना एकट्यालाच.

धातू होता, म्हणून गादी सामानाच्या यंत्रातून जायला हवी होती. ती उघड्या ट्रेमध्ये गेली, कुणाच्या तरी पट्ट्याशेजारी. मागून कुणीतरी विचारलं, "क्या है, सोना?" दोघे हसले. आत्या अनवाणी उभी होती, एक हात छातीवर आडवा धरून.

बाहेर पडताना रिकाम्या ट्रेंच्या चळतीमागे एक फलक दिसला. ज्यांना यंत्र नको असेल त्यांनी सांगावं, आडोशाला हाताने तपासणी होईल. फलकाचं तोंड तपासून झालेल्यांकडे होतं. मी तो आत्याला वाचून दाखवला.

"आता?" ती म्हणाली.

विमानात तिने खिडकीबाहेर पाहिलं नाही. ढगांवर आल्यावर एकच वाक्य बोलली. "दादाला सांगू नको."

दादा म्हणजे माझे बाबा, तिचे थोरले भाऊ.

कोचीत एर्नाकुलमच्या धक्क्यावरून फेरीबोटीने जाळ्यांकडे जावं. तिकीट चहाहून स्वस्त. जाळी सकाळी पाहावीत, उन्हं चढायच्या आत. लाकडी सांगाड्याच्या एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले दगड. चार-पाच जण दोर ओढतात, दगड खाली येतात, जाळं वर येतं. आत्या बराच वेळ जाळ्याकडे नाही, दगडांकडे बघत होती. खाली आलेल्या एका दगडाला तिने हात लावला.

"तोलाला लागतंच," ती म्हणाली. मासळी मात्र तिला फारच कमी वाटली. "एवढ्याशासाठी एवढा खटाटोप? आमी उपाशी मेलो असतो."

परतताना मी यंत्राच्या आधीच सांगितलं, हाताने तपासा. वेळ लागेल म्हणाले. लागू दे म्हटलं. पुन्हा पडदा, पुन्हा परकी बाई; हिने मात्र हात लावायच्या आधी विचारलं. पडदा पूर्ण ओढला जात नव्हता, फटीत मी उभी राहिले. आत्याने पुन्हा गादी काढून हातात धरली.

"हितं इचारलं, तितं नाय इचारलं," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "दाखवायला तर लागलंच दोनी कडं."

मी तिच्या चपला तिच्यापुढे ठेवल्या.

घरी आल्यावर हे लिहायचं होतं. मी तारापूरला गेले. आत्या काठीवर बोंबील उलटे करत होती. लिहू का, म्हणून विचारलं.

"दादा वाचतो तुजं?"

"वाचतात."

तिने हातातले बोंबील संपवले. "मग थांब. आदी मी सांगते. नाव नको टाकू. गाव टाक. गावात लय आत्या हायेत."

म्हणून हा मजकूर उशिरा येतो आहे.

ती रविवारी बोईसरला आली. मी स्वयंपाकघरात थांबले. बाहेर ती बाबांशी बोलत होती. चहा घेऊन गेले तेव्हा गादी बाबांच्या तळहातावर होती. ते ती चष्म्याशी धरून बघत होते. त्यांचे डोळे लाल होते.

"टाका सुटलाय," ते म्हणाले. "गोळी बाहेर येईल." दाभण आणि जाळ्याचा दोरा त्यांनी कपाटातून काढलेलाच होता. ते दोरा ओवू लागले.

"दादा," आत्या म्हणाली, "आदी इचार."

बाबांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली.

"शिवू?"

आत्याने चहाचा कप उचलला. एक घोट घेतला.

"शिव."