चेसिसची उत्तरपूजा

नीलकंठ छत्तीसगडला, नव्या रायपुरात मंत्रालयात नोकरीला आहे. राहतो जुन्या शहरात, ब्राह्मणपाऱ्यात. रोज स्कूटरनं जातो. तिकडचे रस्ते रुंद आणि रिकामे. ते पाहून पाहून त्यानं ठरवलं, की आपली मोटार आपणच बांधायची. मी त्याचा मित्र, मराठीत एम.ए. मी हसणार होतो, पण तो हसत नव्हता.

जुन्या गाडीचं इंजिन मिळालं. ते घरी दिवाणाखाली आहे. गाडीचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चेसिस, त्यानं स्वतः आखली आणि बाहेरगावच्या एका कारखान्यातून बनवून घेतली. दसऱ्याला गाडी काढतो, असं ऑफिसात सांगूनही टाकलं.

चेसिस उन्हाळ्यात आली, भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात. आम्ही स्कूटरनं पोचलो. त्याची आई रमाकाकू मागून ऑटोनं आल्या. हातात पूजेचं ताट होतं.

ट्रकवाला दयाराम पावती घेऊन उभा होता.

"अच्छे से देख लो भैया. साइन हो गया तो वापस नहीं जाएगा."

नीलकंठनं एकेक जोड पाहिला. हातोडी मारून आवाज ऐकला. वेल्डिंगवरून बोट फिरवलं.

"वेल्डिंग मस्त आहे," तो म्हणाला. मग खिशातून सुतळी काढली.

मी पुढच्या डाव्या कोपऱ्यावर टोक धरलं. त्यानं मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून गाठ मारली. मग उरलेले दोन कोपरे; सांगाडा सरळ असेल तर दोन्ही मापं सारखी यायला हवीत. गाठ कोपऱ्याला पोचली नाही. दोन बोटं कमी पडली. आम्ही जागा बदलून पुन्हा मोजलं. दोनच बोटं.

"वाकडी आहे," तो म्हणाला. "हिच्यावर गाडी बांधली तर ते जन्मभर एका अंगाला ओढीन."

तेवढ्यात पलीकडून नारळ फुटल्याचा आवाज आला. रमाकाकूंनी चेसिसवर स्वस्तिक काढून, हळदकुंकू वाहून घेतलं होतं.

"आई, हे परत पाठवा लागते."

"पूजा झाली आता. पुजलेली वस्तू परत पाठवतेत काय कोणी?"

"वाकडी आहे ते."

"तुह्या बाबाची मान बी वाकडी होती. मी परत पाठवलं काय?"

दयारामनं पावती पुढे केली. नीलकंठनं पेन उघडलं. दसरा, ऑफिस, दिवाणाखालचं इंजिन, सगळं त्या सहीवर होतं. त्यानं सुतळीची गाठ पुन्हा एकदा पाहिली. मग त्यानं पेन बंद केलं.

"आई, उत्तरपूजा कर."

"हा काय गणपती आहे?"

"मग पूजा काहून केली?"

काकूंनी पदर डोक्यावर घेतला. मग ताटातल्या अक्षता उचलल्या.

विधी पूर्ण झाला. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून थोडी हलवतात. इथे त्याला सहा हमाल लागले. काकूंनी शिदोरी म्हणून दही मागितलं. चहाच्या टपरीवरून आलं. त्यांनी ते पुढच्या आडव्या पाइपावर ठेवलं. दयारामनं टोपी काढून हात जोडले आणि प्रसादाचं खोबरं घेतलं. नीलकंठनं पावतीवर लिहिलं : नामंजूर.

चेसिस पुन्हा ट्रकवर चढली.

"सांभाळून न्या हो," काकू म्हणाल्या.

"हव, माताजी," दयाराम म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नीलकंठ झेंडूचा हार घातलेल्या स्कूटरनं ऑफिसात गेला. मीही बरोबर होतो. फाटकावरच शेजारच्या टेबलाचे बाबाराव भेटले.

"काय रे, गाडी आली नाही काय?"

"आली होती," नीलकंठ स्कूटर स्टँडवर लावत म्हणाला. "माहेरी गेली."