उजेडरावांची संध्याकाळची फेरी

आमच्या इस्पितळातल्या वायरमनला सगळे उजेडराव म्हणत. मी तिथे भांडारात होतो. बल्ब माझ्याकडूनच जायचे, म्हणून त्यांची ही एवढी हकिगत मला ठाऊक. घरी जाण्यापूर्वी ते रोज खोलीखोलीत जाऊन प्रत्येक बटण दाबून बघत. फेरी आठला सुरू व्हायची, संपता संपता नऊ वाजायचे. तीस वर्षांत ‘दिवा लागत नाही’ अशी तक्रार कुणी केली नव्हती, याचा त्यांना भारी अभिमान.

मग मानसोपचाराच्या मुलांच्या वॉर्डात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. मुलांना झोप येत नव्हती. बाईंनी ठरवलं, सातनंतर पांढरे दिवे, टीव्ही, मोबाइल सगळं बंद. फक्त मंद पिवळे दिवे. उजेडरावांनी ते बसवले, पण कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून. त्यात घरी बायकोने भर घातली, “आयुष्यभर उजेड पाडलात, आता अंधार पाडायचा पगार घ्या.”

हळूहळू मुलं झोपू लागली. फक्त शेवटच्या खोलीतल्या सतरा वर्षांच्या मुलीला फरक पडेना. सलग पाच रात्री नीट झोपलीस तर घरी सोडते, असं बाईंनी तिला सांगितलं होतं. तिने पिशवी भरूनसुद्धा ठेवली होती, पण दोन रात्रींच्या पुढे मजल जाईना. उजेडरावांच्या फेरीची सिस्टरांना इतकी सवय झालेली, की ती अजून चालू आहे याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

एके दिवशी उजेडराव भांडारात चहा प्यायला आले ते खुशीतच. काल रात्री नऊला, फेरी संपता संपता, शेवटच्या खोलीत पांढरा दिवा लावून बघितला, तर ती मुलगी चादरीतून म्हणाली, “काका, तुम्ही आलात की सकाळ होते.” इतकं गोड आजवर कुणी बोललं नव्हतं, असं ते मला सांगत होते. सांगता सांगता थांबले. कप तसाच हातात.

“अहो, म्हणजे मीच की काय?”

चहा टाकून ते थेट बाईंकडे गेले आणि सगळं कबूल केलं. त्या दिवसापासून फेरी सकाळी नऊला. पण नव्या वेळेची सवय होईना. संध्याकाळी वॉर्डाच्या दारापर्यंत जायचे, हात खिशात कोंबून परत फिरायचे.

सहाव्या सकाळी ते शेवटच्या खोलीपाशी आले. बाकीची मुलं नाश्त्याला गेली होती, ही गाढ झोपलेली. सिस्टर म्हणाल्या, आता दिवस आहे, बघा की बटण.

“राहू दे. लागत असेल,” असं पुटपुटून ते चवड्यांवर परत गेले.

दुपारी पिशवी खांद्याला लावून मुलगी निघाली. दारातून वळून म्हणाली, “काका, आता खुशाल दाबा.”

त्यांनी दाबलं. दिवा लागला नाही.

बल्ब मागायला ते माझ्याकडे आले, तेव्हा हसू काही केल्या आवरत नव्हतं.