औषधी बागेतलं तण

जासईच्या रखमाबाई काविळीचं औषध देतात. सासूकडून त्यांना औषध मिळालं आणि त्याचे नियमही. औषध सोपं, नियम भारी जड. पाला सकाळी, तोंडातून शब्द न काढता खुडायचा. पैसा घ्यायचा नाही. दारात आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही. आणि वनस्पतीचं नाव मेलं तरी सांगायचं नाही. सांगितलं की औषधाचा गुण गेला. नवऱ्याला, म्हणजे सीतारामलाही, चाळीस वर्षांत पत्ता लागला नाही. अर्थात त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

ही वनस्पती तळ्याच्या ओलसर कडेला उगवायची. बाकीच्या रानात आता कंटेनर उभे आहेत, आणि कंटेनरखाली काही उगवत नाही.

अशात शेजारच्या कंटेनर-यार्डवाल्या कंपनीला परंपरेचा पुळका आला. नेरूळहून चंद्रशेखर साहेब गळ्यात ओळखपत्र अडकवून आले. तळ्याकाठी 'पारंपरिक वनौषधी उद्यान' व्हायचं होतं आणि रखमाबाई त्याच्या सल्लागार. साहेबांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. मग जेसीबी बोलावला.

रखमाबाई तळ्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. ही कड तेवढी सोडा, म्हणून त्या साहेबांच्या मागे लागल्या.

"तिथं काय आहे आजी? नाव सांगा, लगेच बोर्ड लावतो."

"नाव नाय सांगाचा साहेब. सांगला का गुन गेला."

साहेबांनी कड नीट पाहिली. त्यांना गवत दिसलं. नाव नाही म्हणजे यादीत नाही, आणि यादीत नाही ते झाड नाही. दुपारपर्यंत औषध उपटून पारंपरिक औषधांसाठी जागा तयार झाली.  नाव न घेता रोपाकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं, हे रखमाबाईंना घरी गेल्यावर सुचलं, आणि त्या स्वतःवरच चिडल्या.

उद्यान झोकात उभं राहिलं. नर्सरीतून कुंड्या आल्या: कोरफड, गवती चहा, आणि खुद्द नर्सरीवाल्यालाही धड उच्चारता न येणारी चार-दोन झाडं. प्रत्येकीला बोर्ड.

महिन्याभरात गावातल्या करीमभाईंची लेक नाझिया डोळे पिवळे घेऊन दारात आली. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या. पण या गावात रखमाबाईंचं औषध घेतल्याशिवाय कावीळ उतरली असं कुणी मानत नाही. रखमाबाईंनी तिला उद्या ये म्हणून सांगितलं आणि दिवसभर सगळे बांध पालथे घातले. एक काडी मिळाली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दारातून कुणी रिकामं जाणार, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या उद्यानावरून जात होत्या. माळी सदू कुंड्यांतलं तण उपटून कुंपणाबाहेर फेकत होता. रखमाबाईंनी ढिगाकडे पाहिलं आणि जागीच थांबल्या. नर्सरीच्या मातीतून बिनबोलावता, बिनबोर्डाची आलेली होती ती!

नाझियाला औषध मिळालं. त्याच दुपारी रखमाबाईंनी साहेबांना गाठलं आणि बागेतलं तण आपण रोज फुकट काढू म्हणाल्या. साहेब गहिवरले. वार्षिक कार्यक्रमात त्यांना 'स्वच्छतादूत' म्हणून दुसरी शाल मिळाली. एकही तण ठेवू नका, असं साहेबांनी माईकवरून बजावलं.

तेव्हापासून रखमाबाई रोज सकाळी, तोंडातून शब्द न काढता, बाग साफ करतात. प्रत्येक कुंडीत एक रोप तेवढं बियाला सोडतात. साहेबांना वाटतं, आजींना हल्ली नीट दिसत नाही.