आल्यागेल्याचा भात

आमच्या घरी तांदूळ मुठीने मोजतात. प्रत्येकाच्या नावाच्या मुठी घालून झाल्या की आई शेवटी एक जास्तीची टाकते. ती आल्यागेल्याची. कोणी आलं नाही तर सकाळी तोच भात आम्ही बासी म्हणून खायचो.

कॉलेजात मराठीच्या तासाला प्रत्येकाला घरातला एक जोडशब्द विचारला, तेव्हा मी चाचरत हाच सांगितला. आला आणि गेला. दोन साधी क्रियापदं शेजारी बसली आणि त्यांचा माणूस झाला. त्याला नाव लागत नाही, गाव लागत नाही. पण बाबा हाच शब्द धाक म्हणून वापरायचे, "आल्यागेल्याजवळ घरची गोष्ट सांगाची नाही." म्हणजे ज्याला जेवू घालायचं, त्याच्यापासूनच जपायचंही. एवढं सांगून मी खाली बसले.

कॉलेजसाठी गोंदियात खोली घेतल्यापासून मला एकच वाटायचं, घरी अजून माझ्या नावाच्या मुठी पडत असतील का? एका शनिवारी न कळवताच घरी जायला आमच्या गोरेगावची एसटी धरली. अंगणातच शेजारची काकी म्हणाली, "काऊन वो, लगन नाही झालं अन् पाहुणी होऊन आली?"

मी हसले. आत आईने बाबांना आणि मला वाढलं. मी विचारलं, "माह्या वाट्याचा टाकला होता का, माय?"

"तू येऊन राहिली मनून मले का मालूम? आल्यागेल्याचा हाय. खाय."

मी मान खाली घालून वरण कालवत राहिले.

तेवढ्यात दारात एक म्हातारे उभे राहिले. हरवलेली म्हैस शोधत दुसऱ्या गावाहून आले होते. भांड्यात फक्त आईच्या वाट्याचा भात उरला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. "उठ वो, हात धू. या बाबाजीले पानी दे, माह्यावाला भात वाढ. आपन दोघी पाहू मंग."

पाहुणीला कोणी ताटावरून उठवत नाही. मी उठले, वाढलं. ते गेल्यावर आई माझ्याच ताटात जेवली.

सोमवारी परत खोलीवर आले. माझ्यापुरते तांदूळ घेतले. आणखी एक मूठ भरली, थांबले, मग घातली. दार उघडं ठेवून जेवले. जिन्यात पावलं वाजली आणि वरच्या मजल्यावर गेली.

सकाळी बासी खाऊन कॉलेजला निघाले.