मामांचं पहिलं कार्ड

ताईला एक खोड होती. कुणाचं काम अर्धवट दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. चहा पिऊन कुणी कप टेबलावर ठेवला, की हिने तो विसळून पालथा घातलाच म्हणून समजा. शेजारणीचे वाळत टाकलेले कपडेसुद्धा ही घड्या करून तिच्या दाराशी नेऊन ठेवायची. शेजारीण मनातल्या मनात चिडायची, पण बोलणार काय! अशा माणसावर धड रागावताही येत नाही, हीच तर पंचाईत.

खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ती ऑफिसचं काम बघायची. नोकरी लावून दिली होती मामांनी. मामा म्हणजे तिच्या आईचे सख्खे भाऊ. वडील गेल्यावर हिचं शिक्षण, लग्न, सगळं त्यांनीच पाहिलं. कारखान्यात ते गादीकाम करायचे. सांगाड्यावर फोम बसवायचा, पकडीने कापड ताणायचं आणि खालून खिळे ठोकायचे. त्यांनी ताणलेल्या कापडावर एक सुरकुती शोधून दाखवा म्हणावं कुणीही! ताई मामा म्हणते म्हणून अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा.

मालकीणबाईंनी अ‍ॅप आणलं ते काही हौस म्हणून नाही. ऑर्डरी लांबत होत्या, गिऱ्हाइकं फोनवर ओरडत होती आणि विचारायला जावं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. आता प्रत्येक कामाचं एक कार्ड, सगळ्यांच्या मोबाइलवर. चार रांगा: करायचंय, चालू आहे, अडलंय, झालं.

"आपलं कार्ड आपल्याच हाताने सरकवायचं," बाईंनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "आणि 'अडलंय' ही रांग लाजण्यासाठी ठेवलेली नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते मला दिसलं, तर मी काही करेन ना!"

सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्या रांगेत कार्ड टाकायची एकाचीही छाती झाली नाही. चारचौघांत आपल्या नावाने रडगाणं कोण गाणार? ती रांग आपली रोज रिकामी.

मामांची तर तऱ्हाच वेगळी. बोटांना कायम फोम चिकटवायचं सोल्यूशन लागलेलं, मोबाइल त्या बोटांना दादच देईना. "तू कर गं बाई," ते ताईला म्हणाले, "तुझं ऐकतो तो." झालं! हिला तेवढंच हवं होतं. आधी मामांनी सांगितलं की ती कार्ड सरकवायची, मग स्वतःच विचारून, आणि मग न विचारताच.

एकदा तिला दिसलं, मामा पक्कड खाली ठेवून मनगट चोळत बसलेत. चेहरा वेडावाकडा झालेला.

"काय होतंय मामा?"

"काही नाही गं. थंडीने होतं असं."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. ताई काय समजायचं ते समजली, आणि गप्प बसली. त्यानंतर मामांच्या खुर्च्या मागे पडायला लागल्या. तारीख उलटली की कार्ड लाल व्हायचं. मामांचं कार्ड लाल झालेलं तिला बघवेना. मग ती संध्याकाळी घरी निघताना ते गुपचूप 'झालं'मध्ये टाकायची, आणि मामा दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन खुर्ची पुरी करायचे. अहो, प्रेमापोटीच हो! पण पांघरूण ते पांघरूणच.

मग मोठी ऑर्डर रद्द झाली आणि गादीकामाच्या दोघांपैकी एकाला कमी करायची वेळ आली. एक मामा आणि दुसरा त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा उंच्या. बाईंनी ताईला केबिनमध्ये बोलावून स्क्रीन तिच्याकडे वळवली. उंच्याच्या नावापुढे कामंच कामं. मामांच्या नावापुढे काहीच नाही. कार्ड ज्याच्या मोबाइलवरून सरकतं, अ‍ॅपमध्ये काम त्याच्या खात्यावर पडतं, म्हणजे मामांचं सगळं ताईच्या.

ताई ताडकन म्हणाली, "बाई, ती सगळी कामं मामांचीच आहेत! कार्डं मी सरकवलीत."

"सगळी?"

"सगळी."

"मग तू 'झालं' म्हणालीस तेव्हा ती झालेली होती?"

आता काय सांगणार? हो म्हणावं तर धडधडीत खोटं. नाही म्हणावं तर मनगटाची गोष्ट बाहेर पडणार. शेवटी तिने सगळं सांगून टाकलं, रडत रडत.

बाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या नुसत्या डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, एकदा, एकदाच 'अडलंय' म्हणून लिहिलं असतंत, तर मी त्यांना शिलाईच्या मशीनवर बसवलं असतं. तेव्हा तिथे माणूस हवाच होता. आता कुठे जागा काढू?"

"मी सांगते मामांना."

"नको. हे माझं काम आहे. माझं मला करू दे."

सकाळी बाईंनी मामांना आत बोलावलं. महिनाअखेरपर्यंत या, म्हणाल्या. मामा बाहेर येऊन आपल्या टेबलापाशी बसले. ताईने त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि काही न लपवता कबूल केलं.

मामांनी पक्कड बाजूला सारली. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "मीच म्हटलं ना, तू कर. पण पोरी, इतकं पांघरूण घातलंस की मीच दिसेनासा झालो गं."

टेबलावर एक खुर्ची अर्धी ताणून पडलेली होती. तारीख आजचीच. सवयीने ताईचं बोट मोबाइलकडे गेलं.

"थांब." मामांनी थिनरच्या फडक्याने बोटं खसाखसा पुसली, स्वतःचा मोबाइल काढला, चष्मा चढवला. दोनदा कार्ड निसटलं. तिसऱ्यांदा ते 'अडलंय'मध्ये जाऊन बसलं. खाली त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं: मनगट दुखतंय. ताणायला हात हवा.

कारखानाभर मोबाइल वाजले. उंच्याने आपला बघितला आणि हातातलं टाकून तो उठून आला.

"मामा, हे कधीपासून? अहो, मी इथे शेजारीच बसतो! सांगायचं की. मी ताणलं असतं, तुम्ही ठोकलं असतं."

उंच्याने पक्कड उचलली, कापडाची कड धरली आणि ओढली. मामांनी खिळे ठोकले. जेवणाच्या सुट्टीआधी खुर्ची पुरी झाली, आणि ते कार्डही मामांनीच सरकवलं. ताई बाजूला उभी होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते आणि तिला रडू आवरत नव्हतं.