सामान्यवाले, उठा

परवा बाथरूमची फरशी ॲसिडने धुतली आणि त्या उग्र वासाने मला थेट नाशिकरोडच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत नेऊन उभं केलं.

नववीत विषय ठरवताना बाईंनी आईला समजावलं होतं, "हिला बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित द्या. सोपं असतं, बाकीच्या विषयांना वेळ मिळेल." आईला पटलं. पण बीजगणिताच्या तासाला सर दारातूनच ओरडायचे, "सामान्यवाले, उठा!" मग अख्ख्या वर्गादेखत आम्ही दप्तरं उचलून ॲसिडचा वास मारणाऱ्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. पहिल्याच दिवशी माझी कंपासपेटी खाली पडून उघडली. बाकाखालून पेन्सिली गोळा करताना कान असे तापले होते! खरं तर गणित मला पहिल्यांदा कळलं ते त्याच प्रयोगशाळेत.

त्याच संध्याकाळी ताईची रेवा आली. "मावशी, अकरावीला गणित सोडून भूगोल घेतेय. मला नकाशे आवडतात."

"मस्तच की!" मी म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "काय गं, कोणते विषय घेतले हिने?"

"अजून ठरायचंय," मी घाईघाईने म्हणाले.

रेवाने गुपचूप आपली सॅक उचलली.