विमुबेनची ढोलकी

मुलाला काय द्यावं हे विचारायचं तर विमुबेनला, असं गुजरातेतल्या संखेड्यात ठरूनच गेलं होतं. लाकडी खेळण्यांची दुकानं रस्ताभर होती, पण गिऱ्हाईक तिच्या ओट्याशी येऊन थांबायचं. ती आधी मूल किती महिन्यांचं ते विचारायची आणि मगच फळीकडे हात न्यायची. "तीन महिन्यांचं? मग ही गाडी कुणाला, बापाला खेळायला?" असं तोंडावर बोलायची. तीन महिन्यांना लाल-पिवळं आणि वाजणारं, सहाला मुठीत मावणारं, वर्षाला ढकलायचं. नवरा लाकूड कातायचा, ती फिरत्या लाकडावर लाख धरून रंग चढवायची. पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. स्वतःच्या घरात मात्र पाळणा हलला नव्हता, आणि गावाने ते तिला कधी विसरू दिलं नाही.

धाकट्या भावाला, धनसुखला, मुलगी झाली. त्यांच्यात नाव ठेवायचा मान फोईचा, म्हणजे आत्याचा. विमुबेनने तोरल नाव ठेवलं आणि आपल्या हातचा खुळखुळा पाळण्यात ठेवला.

चौथ्या महिन्यात एकदा तिने तो खुळखुळा तोरलच्या डोक्यामागे धरून वाजवला. पोरगी छताकडे बघत राहिली. हात पुढे आणला, लाल रंग दिसला, तशी खुदकन हसली. विमुबेनने डावीकडून वाजवून पाहिला, उजवीकडून पाहिला. शेकडो मुलांना तिने त्या आवाजाकडे मान वळवताना पाहिलं होतं.

"काय हो बेन, पोरीला खेळवताय की तपासताय?" भावजय रमीला चुलीपाशी बसूनच म्हणाली.

"खेळवतेय गं."

तिथेच सांगायला हवं होतं. पण फोईच्या तोंडून मुलाबद्दल चांगलंच निघावं, असा त्या घराचा रिवाज, आणि फोई मूलबाळ नसलेली असेल तर बघायलाच नको. मागे तिने शेजारणीला म्हटलं होतं, तुझा मुलगा पाय ओढतोय, दाखवून घे. पायाचं कुणी काही केलं नाही. विमुबेनची नजर लागली, एवढं मात्र गल्लीभर झालं. तेव्हापासून तिने जिभेला गाठ मारली होती.

मग तिने युक्ती काढली. आपण बोलायचं नाही, खेळण्यांनीच बोलायचं. इतकी मोठ्याने वाजणारी भेट द्यायची की आईबापांना आपोआप कळावं. एवढी जाणती बाई, पण इथे तिची अक्कल चरायला गेली. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, पिपाणी दिली, राखीला घंटा दिली. "फोईला आमची डोकी उठवायचीत," रमीला हसत म्हणाली आणि घंटा फडताळात टाकून दिली. पहिल्या वाढदिवसाला विमुबेनने सगळ्यात भारी वस्तू केली. आंब्याच्या लाकडाची ढोलकी, चामडं घट्ट ताणलेली.

तोरलने ढोलकीवर तळहात ठेवला. दुसऱ्या कुणी थाप मारली तर तिच्या हाताला ती थरथर कळायची. ती डोळे मोठे करून हसायची, मग स्वतः बडवत बसायची. धनसुखच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पोरगी दीड वर्षाची झाली तरी "मा" म्हणत नव्हती, रमीला काळजी करायला लागली, की तो म्हणायचा, "अगं, ऐकल्याशिवाय वाजवते का कुणी? माझे बापू चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. नंतर गप्प बसले का?"

तोरल दोन वर्षांची असताना दवाखान्याच्या नर्सबाई घरोघर फिरत आल्या. मुलगी ऐकते ना, त्यांनी विचारलं. तोरल झोपाळ्याच्या फळीवर बसली होती. धनसुख ढोलकी घेऊन तिच्या मागे गेला, ती फळीवर टेकवली आणि दणकन थाप मारली. फळी हादरली. तोरलने गर्रकन मागे वळून पाहिलं.

"बघा!" धनसुख म्हणाला. नर्सबाईंनी कागदावर बरोबरची खूण केली.

विमुबेन दारात उभी होती. पोरीला हादरा कळला, आवाज नाही, हे तिला लख्ख दिसलं. जन्मभर लाकडावर हात ठेवून काम केलेल्या बाईला ते कळणार नाही तर कुणाला? तिने तोंड उघडलं. तेवढ्यात रमीला डोळे पुसत म्हणाली, "बेन, तुमच्या ढोलकीने माझा जीव भांड्यात पडला." विमुबेनने तोंड मिटलं. मला तिचा या एका गोष्टीसाठी राग येतो, आणि तो जात नाही.

तोरल पाच वर्षांची झाली, शाळेत गेली आणि आठ दिवसांत शिक्षिकेने तिला परत पाठवलं. बडोद्याच्या मोठ्या दवाखान्यात सगळेच गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "यंत्र लावू, आवाज थोडे पोचतील. पण बोलायला शिकायचं वय बरंचसं गेलं. दोन वर्षांची असताना आणली असतीत तर गोष्ट वेगळी होती. घरात शंका पहिल्यांदा कधी आली?"

"आत्ताच, शाळेत घातल्यावर," रमीला म्हणाली.

"चौथ्या महिन्यात," विमुबेन म्हणाली.

बाहेरच्या बाकावर येईपर्यंत धनसुखने बहिणीकडे पाहिलं नाही. तोरल मधे बसून एकदा याच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नर्सबाई आल्या तेव्हा तू दारात होतीस," तो म्हणाला.

"होते."

"सगळं समजत होतं तुला?"

"समजत होतं. पण भाई, माझ्या तोंडून ते निघालं असतं, तर तू मला पुन्हा दारात उभं केलं असतंस का? खरं सांग."

धनसुखने तोरलला मांडीवर ओढून घेतलं.

"नसतं केलं," तो म्हणाला. "जन्मात नसतं केलं. पण पोरगी बोलली असती."